डावीकडची हाक

१

“…आणि वर म्हणतेस, मी काही केलंच नाही! माणसाच्या डोळ्यांवरून चष्मा ओढून काढलास तू, आई.”

“ओढला नाही. काढला.”

“बाबांच्या कानामागे ओरखडा उठलाय.”

“उठू दे. कान जागेवर आहे ना?”

माझी लेक वरच्या मजल्यावर राहते. भांडायचं असलं की ती चपला न घालताच जिना उतरते. त्या दुपारीही अनवाणीच होती. सुट्टीचा दिवस. माझा नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत, आमच्या दोघींकडे पाठ करून. नात जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी कापड बेतायच्या टेबलाला टेकून उभी होते आणि माझा उजवा हात एप्रनच्या खिशात होता. त्या मुठीत चष्मा होता.

“दोन वर्षांनी माणूस हसायला लागला होता,” लेक म्हणाली. “तुला तेच बघवलं नाही.”

“मला काय बघवतं आणि काय नाही, ते तू मला शिकवू नकोस.”

“मग कारण सांग. एक तरी कारण सांग.”

कारण होतं. पण ते तोंडातून काढलं असतं तर तिने आधी माझ्याकडची गाडीची किल्ली काढून घेतली असती आणि मग मला डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की लोकांना वाटतं, हिचंच काहीतरी चुकलंय. वाटू दे. इथे मात्र झालं तसं लिहिते. पटलं तर पटलं, नाही पटलं तर माझं काही अडत नाही.

२

मी पडदे शिवते. शाळा लहानपणीच सुटली. पुढचं सगळं माझं मी शिकले. वाचायला शिकले, मशीन चालवायला शिकले आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले. नवरा जन्मभर मालट्रक चालवत होता. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीसुद्धा. पण उस्तादांनी मला गाडी शिकवली नाही. “तू ऐकून घेणार नाहीस,” म्हणाले. खरंच होतं ते. रिकाम्या मैदानात गाडी बंद पाडत पाडत मीच शिकले आणि एक दिवस ट्रकच्या अड्ड्यावर त्यांचा डबा घेऊन गाडीनेच गेले. सगळ्या ड्रायव्हरांसमोर. उस्तादांनी डबा घेतला आणि म्हणाले, “हँडब्रेक ओढलेलाच आहे तुझा.”

दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले आणि लायसन्स गेलं. तेव्हापासून हा माणूस प्लग काढलेल्या पंख्यासारखा घरात नुसता होता. खायला दिलं तर खाणार, विचारलं तर हूं म्हणणार. त्याच सुमारास माझी मान धरली. उजवीकडे वळते, डावीकडे मुळीच नाही. “आयुष्यभर कुणापुढे वळवली नाहीस, आता गंजली,” असं उस्ताद म्हणाले. दोन वर्षांत केलेला तेवढा एक विनोद.

मान वळत नाही, आणि गाडीत डाव्या अंगाला पडद्यांचे लांब रॉड आणि कापडाचे गठ्ठे. डावा आरसा आहे, पण आरशातला माणूस जवळ आहे की लांब, हे मला कधीच उमगलं नाही. तेव्हा आम्ही व्यवस्था लावली. ट्रकमध्ये क्लीनर डावीकडे बसतो आणि ती बाजू बघून ड्रायव्हरला हाक देतो, तसे उस्ताद माझ्या डावीकडे बसायला लागले.

“पस्तीस वर्षं क्लीनरला शिव्या घातल्या,” ते म्हणाले. “आता मीच क्लीनर.”

“मग हाक मोठ्याने द्या,” मी म्हटलं. “नाहीतर शिव्या बसतील.”

हाका तीनच. “थांब.” “येऊ दे.” “मोकळं.” मोकळं आल्याशिवाय माझा पाय क्लचवरून उठत नाही. उजवं मी बघते, डावं ते बघतात. आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर. असंच आम्ही रोज सकाळी नातीला शाळेत सोडतो आणि पुढे गिऱ्हाइकांकडे पडदे लावायला जातो. मागच्या सीटवर नात असते. तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. गाडीत मात्र पट्टा लावून बसावंच लागतं.

३

चष्मा आला तो भिंगरीमुळे. शाळेत बाईंची खुर्ची तिच्या वाटेत आली, तर ही म्हणाली, “ए आंधळ्या, रस्ता काय तुझ्या सासऱ्याचा आहे का?” वाक्य माझंच होतं. मी गाडीत बसले की माझं तोंड सुटतं, हे मी नाकारत नाही. समोरचे चालवतातही तशीच.

लेकीला शाळेत बोलावून घेतलं. संध्याकाळी ती डबी घेऊन खाली आली.

“हा रोज गाडी चालवताना घालायचा. याच्या रंगाने मन प्रसन्न राहतं. डोळ्यांना थंड, डोक्याला थंड.”

“माझं डोकं काय तव्यावर ठेवलंय?”

“तव्याला हात तरी लावता येतो, आई.”

काचा पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाच्या होत्या, कडेला किंचित गुलाबी. रंगाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये. चाळीस वर्षं मी कापडाचे नमुने उन्हात, ट्यूबखाली, बल्बखाली धरून बघितले आहेत. नारिंगी काचेतून निळं कापड मळकट हिरवं दिसलं पाहिजे. मी चष्मा घालून नमुन्यांचा गठ्ठा उलगडला. निळं निळंच होतं. नुसतं धुऊन वाळवल्यासारखं ताजं दिसत होतं. मग काच गाळते तरी काय, असा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. मला वाटलं, हल्लीच्या काचा चांगल्या असतील.

चांगल्याच होत्या, खोटं का बोलू. पहिल्या दिवशी रस्ता असा वाटला की जणू रात्रीतून कुणी झाडून काढलाय. गर्दी कमी. टेम्पोवाले आपापल्या ओळीत. मध्ये घुसणारा एक माणूस दिसला नाही. मी एक शब्द वाकडा बोलले नाही. मागून भिंगरी म्हणाली, “आजी, तू आजारी आहेस का?”

असे थोडे दिवस गेले. मग एका सकाळी पेट्रोल पंपाजवळ मी डावीकडे वळले आणि गाडी हलकीच हादरली. पत्र्यावर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मी थांबले, नीट बघावं म्हणून चष्मा वर केला, आणि त्याच क्षणी उस्तादांचा आवाज माझ्या कानात शिरला. सुरुवातीपासून नाही, वाक्याच्या मधूनच.

“—म्हणतोय, थांब! बहिरी झालीस का?”

डाव्या चाकाशी एक स्कूटर आडवी पडली होती. तिचा मालक उठून कोपर झटकत होता. फार लागलं नव्हतं. तो मला बोलला, मी त्याला बोलले, आणि तो गेला.

“तुम्ही हाक दिली नाहीत,” मी म्हटलं.

“तीनदा दिली.”

“तोंड उघडलं नाहीत तुम्ही.”

“आजोबा ओरडले, आजी,” भिंगरी मागून म्हणाली. “मी कानांवर हात ठेवले.”

पंपावर जनरेटर चालू होता, त्याच्या आवाजात हाक बुडाली असेल. मी स्वतःला तसंच सांगितलं आणि ते पटण्यासारखंही होतं. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. हाक ऐकू आली नसती तर मी थांबले असते. मोकळं आल्याशिवाय माझा पाय उठतच नाही. त्या दिवशी तो उठला, आणि हाक यायची राहिली आहे हे माझ्या मनातही आलं नाही. डावीकडून कधी काळी हाक येते, हेच मी विसरले होते.

चष्मा मी समोरच्या कप्प्यात टाकला. पुन्हा घातला नाही.

४

“तुला नको तर बाबांना दे,” लेक म्हणाली. मीच काढून दिला. मला तेव्हा वाटलं होतं की जे झालं ते माझ्या कानांचं किंवा माझ्या वयाचं होतं. वय तर त्यांचंही होतंच, पण ते गाडी चालवत नव्हते.

उस्ताद बदलले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी गाडीत जाऊन बसले. खिडकीवर बोटांनी ताल धरायला लागले. ट्रकच्या दिवसांतले किस्से निघाले. भिंगरीला एक किस्सा इतका आवडला की तो रोज सांगावा लागायचा. लेक जिन्यातून त्यांचं हसणं ऐकायची आणि डोळे पुसत वर जायची. मलाही बरं वाटलं. मी दगडाची नाही.

फक्त “थांब” ही हाक कमी झाली. “येऊ दे” तर बंदच झाली. उरली “मोकळं”, आणि तीही गाण्यासारखी. “मोकळं! निघ बाई, मोकळं!” मी निघत होते. कधी डावीकडे कर्कश ब्रेक वाजायचा, कधी कुणी ओरडायचं. असे आवाज रस्त्यावर होतच असतात. पण माझा पाय थोडा उशिरा उठायला लागला होता.

शाळेच्या वळणावर एक पाटीवाला उभा असतो. अंगात चमकणारं जाकीट, हातात दांड्याला लावलेली गोल पाटी. मुलं रस्ता ओलांडतात तेव्हा तो ती पाटी गाडीसमोर धरतो. उस्तादांचं आणि त्याचं कधीच जमलं नाही. तो जन्माचा नियमवाला. आणि जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला पाटी दाखवलेली आवडत नाही. रोज सकाळी काच खाली करून दोघांची खडाजंगी व्हायची.

त्या सकाळी मी वळणाशी थांबले. उजवीकडून काही येत नव्हतं.

“मोकळं!” उस्ताद म्हणाले.

मी पाय उचलला. गाडी हात-दीड हात पुढे गेली असेल, तेवढ्यात बॉनेटवर दाणकन काहीतरी आपटलं. मी ब्रेक दाबला. मान वळत नाही म्हणून कमरेपासून सगळं अंग वळवलं आणि डावीकडे बघितलं.

पाटीवाला गाडीला चिकटून उभा होता. पाटी बॉनेटवर होती आणि दुसऱ्या हाताचा पंजा उस्तादांच्या खिडकीवर सपाट दाबलेला. काचेवर दाबून बोटं पांढरी पडली होती. तो काय ओरडत होता ते बंद काचेतून कळत नव्हतं, पण त्याचं तोंड काचेच्या इतकं जवळ होतं की काचेवर वाफ धरत होती. त्याच्या मागे पोरांची रांग होती. एकमेकांचे हात धरून, अर्ध्या रस्त्यात, बम्परच्या डाव्या कोपऱ्याला अगदी लागून.

उस्ताद त्याच खिडकीकडे बघत होते. हसत होते.

“निघ ना,” ते म्हणाले. “बघ तरी, काय सुंदर रस्ता आहे.”

मग त्यांनी बाहीने काच पुसली. आतून. वाफ बाहेरून धरली होती, म्हणून ती जाईना. त्यांनी मान जराशी तिरकी केली आणि त्या पंज्याच्या बोटांमधून, पलीकडे, रस्ता बघत राहिले.

“आजोबा, काका ओरडतायत,” भिंगरी म्हणाली.

“कोण काका, राजा?”

५

मी चष्मेवाल्याकडे गेले. डबीवर पत्ता होता. छोटं दुकान, तिन्ही भिंतींना आरसे, मध्ये काचेचं काउंटर. चष्मेवाल्याच्या स्वतःच्या नाकावर जर्दाळूच्या रंगाचा चष्मा होता.

काउंटरशी आधीच एक गिऱ्हाईक होतं. पन्नाशीचा माणूस, चांगले कपडे, पण शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. तो काउंटरवर हात आपटत होता. “किती वेळ झाला उभा आहे मी! परत घ्या म्हणतोय, पैसेही नकोत मला!”

“या आजी, बसा,” चष्मेवाला मला म्हणाला. “सकाळपासून दुकान रिकामंच आहे.”

मला हसू आलं. कटकट्या गिऱ्हाइकाला असंच वागवावं लागतं, मीही वागवते. मी चष्मा काउंटरवर ठेवला.

“या काचेत काय घातलंय?”

“रंग, आजी. दुसरं काय घालणार? डोळ्याला टोचणारा उजेड तेवढा गाळते ती.”

“टोचणारा म्हणजे कोणता?”

“ते ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर.” तो प्रसन्न हसला. त्याने मला दाखवायला फ्रेमचा एक ट्रे काढला आणि काउंटरवर ठेवला. काउंटरवर म्हणजे त्या माणसाच्या हातावर. माणसाने हात ओढून घेतला नाही, बघत राहिला. ट्रे तिरका राहिला. चष्मेवाल्याने तो सरळ करायचा प्रयत्न केला. तो पुन्हा तिरका झाला, तेव्हा त्याने खाली वाकून काउंटरचा पाय तपासला.

“यातून कमी दिसतं असं कुणी सांगितलं नाही तुम्हाला?” मी विचारलं. “कुणी तक्रार घेऊन आलं नाही?”

“एकही नाही,” तो खालूनच म्हणाला. “इतके विकले, पण तक्रार करायला आजवर एक माणूस या दुकानात आला नाही.”

मी चष्मा उचलला आणि निघाले. दाराशी तो माणूस माझ्या मागे आला. आता तो ओरडत नव्हता.

“आजी,” तो म्हणाला, “तुम्हाला मी दिसतोय ना?”

“दिसताय. ऐकूही येताय. बटण चुकलंय तुमचं.”

त्याने बटणाकडे बघितलं. “घरी आता कुणी सांगत नाही,” असं म्हणून तो बटण सोडवायला लागला, आणि मी थांबून ते योग्य काजात लावून दिलं.

६

उस्तादांच्या डोळ्यांना काही झालंय, हाही एक विचार होता. म्हातारपणी डोळ्याचा एखादा कोपरा विझतो, असं ऐकलंय. तसं असेल तर दोष चष्म्याचा नाही आणि उपाय वेगळा. मला अंदाजावर चालत नाही. पडदा शिवण्याआधी मी खिडकी स्वतः मोजते, गिऱ्हाइकाचं माप घेत नाही. तेव्हा ठरवलं, स्वतः घालून बघायचं.

आमच्या घरामागे एक बोळ आहे. एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला आमची. गाडी तिथेच उभी असते, वर्दळ नसते. दुपारी मी उस्तादांना गाडीत बसवलं. ते पट्टा लावूनच बसतात, गाडी उभी असली तरी. चष्मा दुकानातून आणल्यापासून माझ्याकडेच होता.

“तुम्ही हाका देत राहा,” मी म्हटलं. “कुठलीही. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.”

“उभ्या गाडीत?”

“उभ्या गाडीत.”

“डॉक्टरला दाखवायला हवं तुला,” ते म्हणाले, आणि म्हणाले, “मोकळं.”

मी चष्मा घातला.

समोरची भिंत मऊ दिसायला लागली. विटांच्या सांध्यात एक रोप उगवलं होतं, ते मी पहिल्यांदाच बघितलं. इंजिन गार होताना टिक टिक वाजत होतं. कुठेतरी नळ गळत होता. मी हाकेची वाट बघत होते. मग मी कशाची तरी वाट बघत होते. मग मी नुसती बसले होते, माझ्या गाडीत, भर दुपारी, एकटी, आणि कुणाचंही माझ्याकडे काही काम नव्हतं. मी काहीतरी गुणगुणायला लागले. कितीतरी वर्षांत गुणगुणले नव्हते.

मांडीवरची पिशवी जड लागली, म्हणून ती शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवायला मी अंग वळवलं.

सीटचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवर पट्टा असा सैल लोंबायला हवा. हा लोंबत नव्हता. तो सीटपासून सुटून हवेत उभा होता, खांद्याच्या उंचीवरून खाली येत, मध्ये फुगून, जसा पोटावरून जावा तसा. त्याच्या आत काही नव्हतं, पाठीमागचं सीटचं कापड दिसत होतं. आणि पट्टा हलत होता. जरासा पुढे, जरासा मागे. खाली सीटची गादी दबलेली होती.

माझ्या मनात आलं, पट्टा बिघडलाय, मेकॅनिकला दाखवायला हवा. इतकंच आलं. मी पिशवी सीटवर ठेवली. ती सीटपर्यंत पोचली नाही. वीतभर वरच थांबली आणि तिरकी झाली.

भीती वाटली नाही. मी इतकं सगळं लिहिलं ते या एका गोष्टीसाठी. मला आनंद झाला होता. शेजारची सीट रिकामी आहे, याचा. आता हवं तिथे जाता येईल, असं मला वाटलं, आणि माझा पाय क्लचकडे गेला.

घामाने चष्मा नाकावरून घसरला. काचेच्या वरच्या कडेवरून मला राखाडी पँटचा गुडघा दिसला.

मी चष्मा हिसडून काढला.

“—घसा कोरडा पडला माझा!” उस्ताद म्हणत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “किती हाका मारायच्या माणसाने? आणि पिशवी काय आपटतेस मांडीवर?”

दिसलं ते एक वेळ सोडून देता येतं. माझे डोळेही काही नवे नाहीत. पण जे वाटलं ते डोळ्यांना वाटलं नव्हतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “घरात चला.”

७

त्यानंतर चष्मा मी त्यांच्याकडे परत दिला नाही. त्यांनी डबीतून काढून घातला, तर मी डोळ्यांवरून उतरवला. ते माझ्याशी बोलायचे थांबले. पुन्हा खुर्ची, पुन्हा खिडकी. गाडीत बसायलाही नकार. आणि लेक अनवाणी खाली आली, ते तर सुरुवातीलाच सांगितलं.

“बोल ना,” ती म्हणत होती. “एवढी मोठमोठ्याने बोलणारी तू, आता का दातखीळ बसली?”

“गाडीत मागे तुझी पोरगी असते,” मी म्हटलं. “हे म्हणाले मोकळं, की मी गाडी काढते. त्या दिवशी डावीकडे पोरांची रांग होती. यांना दिसली नाही. याहून मोठं कारण मला नको आणि तुलाही नको असायला पाहिजे.”

“एकदा चुकले असतील!”

“मला दिसत होतं सगळं,” उस्ताद खिडकीकडे बघतच म्हणाले. “रस्ता मोकळा होता.”

“ऐक,” मी लेकीला म्हटलं.

“मी तुझंच ऐकत आलेय गं, जन्मापासून! कोणता रंग घालायचा ते तू सांगणार, कुणाशी बोलायचं ते तू सांगणार. एक वस्तू मी माझ्या हौसेने आणली, बापाला त्यात जरा सुख मिळालं, तर ते तुझ्या खिशात!” तिचा आवाज फाटला. “ठीक आहे. बाबांना देऊ नकोस. मला दे. उद्यापासून भिंगरीला मी सोडते शाळेत, हाच चष्मा घालून. रोज. मग तरी पटेल तुला?”

“तू तो घालून गाडी चालवणार नाहीस.”

“का?”

“मी सांगते म्हणून.”

हे बोलायला नको होतं. एरवी मी बोललेलं मागे घेत नाही, पण ते वाक्य बाहेर पडताच मला कळलं की आता हिला कुणी अडवू शकणार नाही. तिने माझं मनगट धरलं. तरुण हात, माझी ताकद पुरली नाही. खिशातून मूठ बाहेर आली, मुठीतून चष्मा.

“बघ,” ती म्हणाली. धाप लागली होती तिला. “बघ हं. घालते. काय होतंय बघू दे मला.”

तिने घातला.

तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये एक रेघ आहे. लग्नाआधीपासून आहे, माझ्याशी बोलताना खोल होते. ती रेघ गेली. पुसून टाकावी तशी. खांदे खाली आले. तिने एक लांब श्वास सोडला आणि खोली बघायला लागली; टेबल, कापडाचे गठ्ठे, जमिनीवरची पोरगी.

“काढ तो,” मी म्हटलं.

ती पडद्यांकडे बघत होती. मी तिच्या आणि पडद्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. तिची नजर हलली नाही. माझ्या तोंडाच्या जागी जे काही तिला दिसत होतं, त्याच्याकडे बघून ती म्हणाली, “किती छान शिवलाय हा पडदा.”

“काढ म्हणते ना!” मी तिचे दोन्ही दंड धरले आणि हलवलं. ती हलली. झुळूक आल्यावर माणूस कपडे सारखे करतो, तशी तिने बाही सारखी केली. माझ्या बोटांवरून.

भिंगरीचा रंगाचा खडू थांबला होता. ती एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होती, आणि हा काय खेळ आहे ते कळायची वाट बघत अर्धवट हसत होती. उस्ताद खुर्चीत वळले. त्यांनी लेकीचं तोंड बघितलं, मग माझं, आणि उठायला म्हणून खुर्चीच्या हातांवर जोर दिला. पण थरथरणाऱ्या हातांना ते जमलं नाही.

तिने स्टूल ओढून घेतलं आणि त्यांच्याजवळ बसली. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणी टेकायची तसं. आणि तेव्हापासून मी कधीच न ऐकलेल्या हळू, गोड आवाजात म्हणाली,

“बाबा, खरं सांगू? आई घरात नसली की किती बरं वाटतं.”